त्या रात्री मी रक्त दिले नाही

रक्तपेढीत काम करणाऱ्या माणसाची आणि रुग्णाची गाठ सहसा पडत नाही. आमच्या खिडकीत येतो तो डॉक्टरांनी भरलेला मागणीचा अर्ज, त्याच्यासोबत रक्ताचे नमुने असलेल्या नळ्या आणि त्या घेऊन धावत आलेला एखादा नातेवाईक. नळीवरचे नाव अर्जावरच्या नावाशी जुळते का, नोंदणी क्रमांक तोच आहे का, हे पाहण्यापासून आमचे काम सुरू होते. अहिल्यानगर जिल्ह्यात मी बरीच वर्षे हे काम करते आहे. माझा जन्म मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. आमच्या नगरात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले आणि त्या परंपरेत वाढलेल्या पुष्कळ घरांप्रमाणे आमच्याही घरी संध्याकाळच्या प्रार्थनेला नारायण वामन टिळकांची भजने म्हटली जात. प्रभूवर भरवसा ठेवावा, हे मी लहानपणापासून ऐकत आले. मात्र चारी बाजूंनी घाई होत असताना त्या भरवशाने हातांना नेमके काय करावे लागते, हे मला एका शनिवारच्या रात्रपाळीत समजले.

ऊसतोडीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पिकांच्या उपकारस्तुतीची उपासना होती. त्या रविवारी गावोगावचे लोक बाजरीची कणसे, भोपळे, ऊस, क्वचित एखादी कोंबडीसुद्धा देवापुढे आणतात, आणि उपासना संपल्यावर त्या वस्तूंचा लिलाव होतो. मला गायकवर्गात उभे राहायचे होते, म्हणून पाळी संपताच घरी जाण्याची माझी तयारी होती.

पहाटे साडेतीनच्या सुमारास १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून एक बाळंतीण आली. ती ऊसतोड मजुराची बायको होती. दुसरीकडे बाळंत झाल्यावर रक्तस्राव थांबेना, म्हणून तिला आमच्याकडे पाठवले होते. बाळ सुखरूप होते. तिचे हिमोग्लोबिन पाचच्याही खाली गेले होते, आणि सोबतच्या कागदावर रक्तगट ‘ओ पॉझिटिव्ह’ असा लिहिलेला होता. ‘ओ पॉझिटिव्ह’ हा आपल्याकडे सर्रास आढळणारा गट असल्यामुळे शीतकपाटात निळ्या लेबलाच्या पिशव्या पुरेशा होत्या. मी तिच्या नमुन्याचा गट तपासला. अँटी-ए आणि अँटी-बी या दोन्ही द्रवांशी पेशींची गुठळी झाली नाही, अँटी-डीशी झाली. म्हणजे कागदावरचा गट बरोबर दिसत होता. मग दोन पिशव्यांशी तिच्या रक्तद्रवाची जुळणी लावली.

जुळणीची नळी यंत्रात फिरवून बाहेर काढली की तळाशी लाल पेशींचे एक बटण बसलेले असते. नळी उजेडासमोर धरून हलकेच हलवायची. रक्त जुळत असेल, तर त्या बटणातून पेशी धुरासारख्या सावकाश वर उठतात आणि पाणी एकसारखे लाल होते. त्या रात्री दोन्ही नळ्यांतली बटणे जागची सुटली, पण अखंड गुठळी राहूनच, आणि भोवतीचे पाणी स्वच्छ राहिले. मी आणखी चार पिशव्या लावल्या. सगळीकडे तेच. तिच्याच पेशी तिच्याच रक्तद्रवाशी लावून पाहिल्या, तेव्हा मात्र काहीही झाले नाही. स्वतःचे रक्त सोडून जगातल्या कुठल्याही ‘ओ’ रक्ताला ते शरीर नकार देत असावे, असा त्याचा अर्थ निघत होता.

तोवर प्रसूतिकक्षातून तरुण निवासी डॉक्टर स्वतः खिडकीपर्यंत धावत आले. त्यांच्या अंगातला गाऊन ओला होता.

“मॅडम, ओ पॉझिटिव्ह आहे ना? मग ओ पॉझिटिव्ह द्या. बाई टेबलावर जाईल माझी.”

“डॉक्टर, एकही पिशवी जुळत नाहीये.”

“मी सही देतो. माझ्या जबाबदारीवर द्या.”

त्यांचा मला राग आला नाही आणि आजही येत नाही. जीव जात असेल तर डॉक्टरांच्या लेखी जबाबदारीवर जुळणी पूर्ण होण्याआधीही रक्त देता येते, हे खरे आहे. पण इथे जुळणी झाली होती आणि तिने स्पष्ट नकार दिला होता. अशा वेळी दिलेल्या रक्ताच्या पेशी शिरेतच फुटू लागतात, मूत्रपिंडे बंद पडतात, रक्त गोठण्याची व्यवस्था कोलमडते आणि आधीच रक्तस्रावाने खचलेली बाई वाचण्याची उरलीसुरली शक्यताही संपते. हे मला पुस्तकातून ठाऊक होते, आणि तरीही भरलेल्या शीतकपाटासमोर उभे राहून ‘नाही’ म्हणणे किती निर्दयपणाचे वाटते, हे ज्याने म्हटले आहे त्यालाच कळेल.

मी आमच्या रक्तसंक्रमण अधिकाऱ्यांना फोन केला. “पिशवी सोडू नका, मी निघालो,” असे म्हणून सरांनी फोन ठेवला. ते येईपर्यंतच्या वेळात मी टेबलाला हात टेकून प्रार्थना केली. शब्द फार नव्हते. तिला वाचव, असे मी म्हटले. पण त्याहून जास्त वेळ मी एवढेच मागत होते की माझे हात थरथरू देऊ नकोस आणि कुणी ओरडले म्हणून मला खोटे करायला लावू नकोस. ती जगेलच असे वचन प्रभूने मला दिले नव्हते, आणि तसे वचन मिळाल्याचे मी स्वतःला सांगितलेही नाही. कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, असे पौलाने फिलिप्पैकरांना तुरुंगातून लिहिले. ते वाक्य मी रविवारी कितीतरी वेळा म्हटले असेल, पण ते साखळदंडांतल्या माणसाचे आहे, हे त्या पहाटे मला पहिल्यांदा जाणवले. चिंता नाहीशी झाली नव्हती. तिच्यासह पुढचे काम करता येत होते, इतकेच, आणि मी त्याला प्रभूची कृपा म्हणते.

आमच्या शीतकपाटात अँटी-एच लेक्टिनची एक छोटी कुपी असते. युरोपात उगवणाऱ्या एका काटेरी झुडपाच्या बियांपासून हा द्रव काढतात. नेहमीच्या ‘ओ’ पेशींवर एच नावाचा पदार्थ भरपूर असतो, आणि हा द्रव त्याला पकडून पेशींची घट्ट गुठळी करतो. मी शेजारी दोन नळ्या ठेवल्या. एकीत नेहमीच्या ‘ओ’ पेशी होत्या, दुसरीत तिच्या. पहिलीत गुठळी झाली. दुसरीतल्या पेशी सुट्याच राहिल्या. सर तोवर येऊन माझ्या मागे उभे होते. त्यांनी दोन्ही नळ्या स्वतः हलवून पाहिल्या आणि म्हणाले, “बॉम्बे ग्रुप.”

या रक्तगटाचा शोध आपल्या मुंबईतलाच. डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली तो जगापुढे मांडला. ज्यांच्या रक्तात एच पदार्थच नसतो, त्यांच्या पेशी साध्या तपासणीत ‘ओ’ दिसतात. पण त्यांच्या रक्तद्रवात ‘ओ’सकट सगळ्या गटांविरुद्ध तीव्र प्रतिपिंडे, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणारी द्रव्ये, असतात. त्यामुळे त्यांना फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचेच रक्त चालते. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो, असे मानले जाते. युरोपात तर दहा लाखांत एक. केवळ पेशी तपासल्या आणि रक्तद्रव तपासला नाही, तर हा गट हमखास ‘ओ’ म्हणून नोंदला जातो. तिच्या कागदावर तेच झाले असणार. एका झुडपाच्या बीमध्ये देवाने माणसाच्या रक्ताची अशी खूण ओळखण्याचा गुण घालून ठेवावा, याचे मला तेव्हाही आश्चर्य वाटले आणि अजूनही प्रत्येक वेळी ती कुपी हातात घेताना वाटते.

सरांनी फोन सुरू केले. दुर्मिळ गटाच्या दात्यांच्या याद्या ठेवणाऱ्या रक्तपेढ्या आणि कार्यकर्ते राज्यात आहेत. त्यांनी पहाटे पाच वाजता फोन उचलले, हे मी विसरणार नाही. इकडे प्रसूतिकक्षात डॉक्टरांनी औषधे आणि गर्भाशयात फुगा बसवून रक्तस्राव आटोक्यात आणला होता. ऑक्सिजन चालू होता, आणि पुढचा सगळा भार वेळेवर होता.

मी बाहेर आले. तिचा नवरा बाकाच्या कडेला बसला होता. मला पाहताच उठला. “ताई, पैशांचं बघतो मी. मुकादमाला फोन लावलाय, उचल देतो म्हणलाय. तुम्ही रक्त तेवढं द्या.” पैशांसाठी अडवले आहे, असे त्याला वाटत होते, आणि गरिबाला तसे वाटावे यात त्याचा काही दोष नाही. मी त्याला बसवले, शेजारी बसले आणि आत ठेवलेले रक्त तिच्यासाठी विष का आहे, ते जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. तिची भावंडे कुठे आहेत, हे विचारले. कारण सख्ख्या भावंडांत हा गट सापडण्याची शक्यता चारांत एक असते. एक भाऊ शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या टोळीबरोबर ऊस तोडत होता. फोन गेला.

“ती वाचंल ना, ताई?”

देव सगळे नीट करील, हे वाक्य माझ्या जिभेवर आले होते. आमच्या घरांत ते सहज बोलले जाते. पण जे वचन माझ्या हातात नाही ते देवाच्या नावावर देणे मला योग्य वाटत नाही. मी म्हटले, “आम्ही सगळे प्रयत्न करतोय, दादा. मी प्रार्थना करते आहे. तुमच्यासोबत इथे केली तर चालेल?” तो म्हणाला, “करा. तुमच्या देवाला तुम्ही सांगा, मी माझ्या खंडोबाला सांगतो.” मी तिचे नाव घेऊन प्रार्थना केली, त्याने डोळे मिटून हात जोडले. मग मी परत आत गेले, कारण नळ्या धुवायच्या होत्या आणि सकाळचे इतर अर्जही येऊ लागले होते.

सांगलीकडचा एक तरुण दाता साडेसहाला गाडीने निघाला, असा निरोप आला. दरम्यान भाऊ पोहोचला, अंगावर पाचट चिकटलेले, पायांत माती तशीच. त्याची तपासणी केली आणि त्याचाही गट बॉम्बेच निघाला. आम्हा सगळ्यांच्या तोंडून सुटकेचा श्वास बाहेर पडतो न पडतो, तोच त्याचे हिमोग्लोबिन दहा आले. रक्तदात्याला किमान साडेबारा लागते. त्याने सरांचे पायच धरले. “मला काय बी होऊ द्या, पण घ्या.” सरांनी त्याला उठवले, पण रक्त घेतले नाही. त्याच्या अंगातले रक्त काढून घेणे म्हणजे एका जिवासाठी दुसरा पणाला लावणे होते. माझ्या दृष्टीने त्या दिवसातला सर्वांत कठीण क्षण तो होता, पहाटेच्या आरडाओरड्यापेक्षाही. कारण मदत अगदी दारात येऊन परत फिरल्यासारखी झाली होती. मी पुन्हा प्रार्थना केली आणि या वेळी त्यात तक्रार होती. स्तोत्रकर्त्यांनी देवाजवळ मोकळेपणाने तक्रारी केल्या आहेत, मीही केली.

माझी पाळी केव्हाच संपली होती. आमच्या मंडळीत त्या वेळी लिलाव चालू असेल, असे एकदा मनात येऊन गेले.

दुपारी एकच्या पुढे तो तरुण पोहोचला. रात्रीची कामाची पाळी करून तो तसाच गाडीत बसला होता. त्याने मागे रक्त देऊन तीन महिने उलटून गेले आहेत ना, हे आम्ही नोंदवहीत पाहिले. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, सगळे ठीक होते. पिशवी भरली, एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग व मलेरियाच्या तातडीच्या चाचण्या केल्या आणि जुळणी लावली. नळी हलवताना सर, मी आणि दुपारच्या पाळीची सहकारी असे तिघे त्याच एका नळीकडे पाहत होतो. पेशी सावकाश वर उठल्या. पाणी एकसारखे लाल झाले.

तिला पहिली पिशवी तीन वाजता लागली. दुसऱ्या दात्याची पिशवी मुंबईहून दुसऱ्या दिवशी आली. नवऱ्याने पहिल्या दात्याच्या खिशात पैसे कोंबण्याचा प्रयत्न केला. त्या तरुणाने ते बाळाच्या मुठीत दिले आणि चहा पिऊन परतीची वाट धरली. तो मुसलमान होता. पहाटे फोन उचलून त्याला जागे करणारा कार्यकर्ता हिंदू होता. प्रार्थनेचे उत्तर कुणाच्या हातून द्यायचे, हे देव आपल्याला विचारत नाही, याचे मला फार समाधान वाटले, आणि पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला सांगितले तेव्हा मी हे मंडळीपुढे तसेच्या तसे मांडले.

ती घरी गेली तेव्हा तिच्या हातात मोठ्या अक्षरांत रक्तगट लिहिलेले कार्ड होते, आणि पुढच्या कुठल्याही दवाखान्यात ते आधी दाखवायचे, हे आम्ही नवऱ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले. भावाला लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. सरांनी त्याचे नाव दात्यांच्या यादीत घातले, आणि मी दर महिन्याला त्याला फोन करून गोळ्या चालू आहेत का, हे विचारत राहिले. कधी तो फडात असे, कधी फोन मुकादमाकडे असे. हंगाम संपून टोळ्या गावी परतल्यानंतर तो एसटीने आमच्याकडे आला. हिमोग्लोबिन तेरा भरले होते. मुंबईत एका म्हाताऱ्या बाबांच्या शस्त्रक्रियेसाठी बॉम्बे गटाचे रक्त हवे होते, आणि त्याने ते दिले.