तुम्ही विचारलंत म्हणून: जंगलात न्यायला छोटी दुर्बीण कोणती?

प्रश्न साधारण असा येतो: "खिशात मावेल अशी, पण एकदम भारीतली दुर्बीण घ्यायची आहे. जंगलात न्यायची. झाइसची घेऊ, स्वरोव्स्कीची की लायकाची?" विचारणारे तीन प्रकारचे. भीमाशंकर-आंबोलीला पायी फिरून पक्षी बघणारे, ताडोबा-पेंचला जिप्सीतून जाणारे, आणि अमेरिकेत स्थायिक होऊन तिथल्या मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला जाऊ लागलेले कुणाचे तरी भाचे-पुतणे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. पण दुर्बिणीपुरतं बोलायचं तर शिकाऱ्याची आणि पक्षी बघणाऱ्याची गरज एकच: झाडांखालच्या अंधुक उजेडात, वीस ते साठ मीटरवर, पानाआड काय हललं ते चटकन कळलं पाहिजे. म्हणून तिघांसाठी हिशोबही एकच.

कंपनीचं नाव शेवटी ठरवू. आधी हे सांगा, तुम्ही झाडाखाली किती वाजता उभे असणार?

दुर्बिणीवर ८×२५ किंवा ८×३२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा पॉवर, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. जे उत्तर येईल तेवढ्या व्यासाचं प्रकाशाचं वर्तुळ मागच्या काचेतून तुमच्या डोळ्यात पडतं. ८×२५ मध्ये ते ३.१ मिमी, ८×३२ मध्ये ४ मिमी, ८×४२ मध्ये ५.२५ मिमी, आणि १०×२५ मध्ये फक्त २.५. भर दुपारी उघड्यावर आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे माळावर किंवा क्रिकेटच्या मैदानात २५ ची दुर्बीण ४२ च्या तोडीची वाटते. दुकानात, रस्त्यावरच्या लखलखीत उन्हात, नेमकं हेच होतं आणि माणूस फसतो. दाट सदाहरित जंगलात खाली पोचणारा उजेड माळाच्या मानाने अगदी थोडा असतो. सकाळी साडेसहाला तिथे बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडते आणि ८×२५ तिला ३.१ चंच वर्तुळ देते. पक्षी दिसतो, पण काळी आकृती म्हणून. रंग उमटत नाही, आणि नवरंगाचा रंगच दिसला नाही तर उरलं काय?

पन्नाशीनंतर बाहुली तरुणपणाइतकी उघडत नाही, बहुतेकांची पाच मिलिमीटरच्या आसपास थांबते. त्यामुळे या वयात मोठ्या काचेचा फायदा थोडा कमी होतो, पण २५ आणि ३२ मधला फरक याही डोळ्यांना स्पष्ट कळतो.

इथे हमखास ऐकू येणारा युक्तिवाद असा: "पण ही प्रीमियम आहे, हिचं कोटिंगच वेगळं." जरा हिशोब करू. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर, कोटिंग म्हणजे परावर्तन रोखणारा पातळ थर नसेल तर, चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत असे दहा-बारा पृष्ठभाग सहज असतात. चांगल्या मल्टिकोटिंगने हे नुकसान दर पृष्ठभागाला अर्ध्या टक्क्याखाली येतं. हे फार मोठं काम आहे, पण आज मध्यम किमतीच्या दुर्बिणीतही ते बरंचसं झालेलं असतं. उत्तम आणि बरी यांच्यात शेवटी उरतो तो सुमारे दहा टक्के प्रकाशाचा फरक. उलट २५ वरून ३२ वर गेलात की काचेचं क्षेत्रफळ ६२५ ला १०२४ या प्रमाणात वाढतं, म्हणजे ६४ टक्के. कितीही पैसे मोजा, २५ ची काच ३२ ची होत नाही.

आणखी एक सापळा म्हणजे जाहिरातीतला 'ट्वायलाइट फॅक्टर'. पॉवर आणि व्यास यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढतात. ८×३२ चा येतो १६ आणि १०×२५ चा १५.८. आकडे बघून वाटतं, दोन्ही सारख्याच. संध्याकाळी झाडाखाली धरून बघा, १०×२५ मधून काळोख दिसतो. हा आकडा सारख्या दर्जाच्या आणि पुरेसं मोठं वर्तुळ देणाऱ्या दुर्बिणींची तुलना करायला ठीक आहे, छोट्या दुर्बिणींना तो लावू नये. जर्मन शिकारी याबाबतीत आपल्यापेक्षा व्यवहारी. रात्री मचाणावर बसून रानडुकराची वाट बघायची तर ते ८×५६ घेतात, म्हणजे सात मिलिमीटरचं वर्तुळ, आणि पायी माग काढायचा तर गळ्यात ८×३०. एकाच दुर्बिणीकडून दोन्ही कामांची अपेक्षा ते ठेवत नाहीत. अमेरिकेतल्या भाच्यालाही हेच सांगायचं. तिथे अनेक राज्यांत हरणावर गोळी झाडायची मुभा सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते. काचेची खरी परीक्षा त्या दोन अर्ध्या तासांत होते. शिवाय समोर हरीण आहे की नारिंगी जाकिटातला माणूस, हे बंदुकीच्या स्कोपमधून तपासायचं नसतं. त्यासाठीच दुर्बीण.

मग जास्तीचे पैसे कशाचे? चार गोष्टींचे, आणि त्या खऱ्या आहेत. पहिली प्रिझमची. छोट्या, सरळ नळीच्या दुर्बिणीत रूफ प्रिझम असतात. त्यात प्रकाश दोन भागांत वाटला जाऊन पुन्हा एकत्र येतो तेव्हा त्यांच्या लहरी किंचित मागेपुढे होतात आणि चित्र मऊ पडतं. झाइसने १९८८ मध्ये यावर फेज कोटिंग आणलं. त्याशिवायची रूफ प्रिझमची दुर्बीण आज घेऊ नका. याच प्रिझममधल्या एका पृष्ठभागावर आरशाचा थर लागतो. तो अॅल्युमिनियमचा असेल तर दहाएक टक्के प्रकाश तिथेच जातो, डायइलेक्ट्रिक, म्हणजे धातूऐवजी अनेक पातळ पारदर्शक थरांचा, असेल तर जेमतेम एक टक्का.

दुसरी गोष्ट चकाकीची. माझ्या मते जंगलात हीच सगळ्यात महत्त्वाची, आणि दुकानात तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. जंगलात आपण बहुतेक वेळा अंधाऱ्या फांदीकडे बघत असतो आणि तिच्या मागे किंवा वर आभाळाचा पांढरा तुकडा असतो. नळीच्या आतलं काळं रंगकाम आणि कडी नीट नसतील तर तो उजेड आत उसळतो, चित्रावर दुधाळ पडदा येतो किंवा खालच्या कडेला पांढरी चंद्रकोर उमटते. हरियाल फांदीत असूनही दिसत नाही तो यामुळे. तिसरी, आभाळाच्या पार्श्वभूमीवर काळ्या फांदीच्या कडेला येणारी जांभळी-हिरवी किनार. ईडी काचेने, म्हणजे रंग कमी फाकवणाऱ्या खास काचेने, ती कमी होते. आणि चौथी, पाण्यापासूनचं संरक्षण, त्याबद्दल पुढे.

१० ची पॉवर पायी फिरणाऱ्याने घेऊ नये, असं मी ठामपणे सांगतो. हाताचा कंप दहापट होतो, चित्राची रुंदी कमी होते, आणि ज्या खोलीत एका वेळी सगळं स्पष्ट दिसतं ती ८ च्या मानाने दोन तृतीयांशच उरते. जंगलात समोर एकामागे एक पानं असतात, दर हालचालीला फोकसचं चाक फिरवत बसाल. चित्राची रुंदी खोक्यावर हजार मीटरला किती मीटर अशी लिहितात. ती जंगलाच्या मापात आणा: १४५ मीटर म्हणजे वीस मीटरवर २.९ मीटर, आणि ११९ म्हणजे २.४ मीटर. हा अर्धा मीटर फार असतो. स्वर्गीय नर्तक एका फांदीवर तीन-चार सेकंद बसतो, तेवढ्यात तो चित्रात सापडला तर सापडला.

याच तीन-चार सेकंदांमुळे खिशातल्या दुर्बिणीची घडी महत्त्वाची. स्वरोव्स्कीच्या सीएल पॉकेट ८×२५ ला दोन बिजागरं आहेत. ती अगदी लहान मिटते, पण दर वेळी उघडताना दोन्ही बाजू डोळ्यांतल्या अंतराला जुळवाव्या लागतात, आणि ३.१ मिलिमीटरच्या वर्तुळात डोळा जरा सरकला की चित्र काळं. झाइसच्या व्हिक्टरी पॉकेट ८×२५ ला एका बाजूला सरकलेलं एकच बिजागर आहे. ती तितकी चपटी होत नाही, पण झटकन उघडते. वजन २९० ग्रॅम आणि रुंदी १३० मीटर, स्वरोव्स्कीचं सुमारे ३५० ग्रॅम आणि ११९ मीटर. डोळा टेकवण्याचा आराम मात्र स्वरोव्स्कीत मला जास्त वाटतो. खिशातलीच घ्यायची असेल तर या दोनांतली घ्या. लायकाची ८×२० देखणी आहे, पण अडीच मिलिमीटरचं वर्तुळ जंगलासाठी नाहीच.

पण खरं विचाराल तर पायी फिरणाऱ्याला मी खिशातली सुचवत नाही. जंगलात दुर्बीण खिशात ठेवून चालत नाही, ती गळ्यातच असते, आणि गळ्यातच असायची तर दीडशे ग्रॅम जास्त घेऊन ३० ची का नको? निकॉनची मोनार्क एचजी ८×३० साडेचारशे ग्रॅमची, रुंदी १४५ मीटर, दोन मीटरपर्यंत जवळचं दिसतं. स्वरोव्स्कीची सीएल कंपॅनियन ८×३० पाचशेच्या आसपास, तिची जवळची मर्यादा तीन मीटर, म्हणजे वाटेतल्या झुडपावरचा चापडा साप किंवा ब्लू मॉरमॉन फुलपाखरू बघायला एक पाऊल मागे जावं लागेल. त्याच्याही वर झाइसची व्हिक्टरी एसएफ ८×३२ : सहाशे ग्रॅम, रुंदी १५५ मीटर, आणि किंमत खिशातलीच्या दुपटीहून बरीच जास्त. पैसे असतील तर जरूर घ्या, पण मोनार्कमधून जो धनेश दिसला नाही तो एसएफमधून दिसेल अशी समजूत नको. जिप्सीतून फिरणाऱ्यांना तर 'छोटी' हा हट्टच सोडा म्हणतो. वजन गाडी वाहते, तुम्ही नाही. सरळ ८×४२ घ्या.

दुकानात काय तपासायचं? दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. मागच्या काचेतलं वर्तुळ पूर्ण गोल हवं आणि भोवती काळं हवं. कडा कापलेल्या दिसल्या किंवा बाजूला राखाडी चमक दिसली तर ठेवून द्या. पुढच्या काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. हिरवट-जांभळी प्रतिबिंबं ठीक, एखादं पांढरं शुभ्र असेल तर तिथे कोटिंग नाही. मग दूरची विजेची तार बघत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दहा-पंधरा सेंटिमीटर लांब न्या. दोन चित्रांतली तार वरखाली झाली तर नळ्या समांतर नाहीत, अर्ध्या तासात डोकं चढेल. सावलीत उभं राहून उजळ आभाळाखालची काळी खिडकी बघा, चकाकी लगेच कळते. चष्मा असेल तर आय कप (डोळ्याला टेकणारी रबरी कडी) पूर्ण खाली करून चित्राची कड चौफेर दिसते का ते बघा. आय रिलीफ, म्हणजे पूर्ण चित्र दिसताना डोळा मागच्या काचेपासून जितका दूर राहू शकतो ते अंतर, पंधरा मिलिमीटरहून कमी असेल तर सहसा दिसत नाही. आणि दुकानदाराची तयारी असेल तर हे सगळं दिवेलागणीला करा.

घरी आणल्यावर डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक भरून काढणारी कडी, जुळवायला विसरू नका. उजव्या बाजूला डायॉप्टर असेल तर उजवी काच हाताने झाका, डावा डोळा उघडा ठेवून चाकाने वीसेक मीटरवरची पाटी स्पष्ट करा. मग डावी झाका, चाकाला हात न लावता फक्त डायॉप्टर फिरवा. दोन्ही वेळा डोळे मिटायचे नाहीत, मिटलेला डोळा दुसऱ्यालाही आवळतो. "एवढी महाग घेतली पण अंधुकच दिसतं" या तक्रारींतल्या बऱ्याचशा इथेच मिटतात. पट्टा आखूड करा, दुर्बीण छातीवर हवी. पोटावर लोंबली की कातळावर आपटते.

राहिला पाऊस. आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून सीलबंद केलेली दुर्बीण आतून धुरकट होत नाही, बाहेरून होतेच. एसी गाडीतून कोकणात उतरलात की पाच मिनिटं काचेवर दव जमणार. सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, त्यातल्या धुळीने कोटिंगवर ओरखडे पडतात. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, शेवटी मायक्रोफायबर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चामड्याच्या किंवा फोमच्या पिशवीत ती ठेवायची नाही. पिशवी ओल धरते आणि काचेच्या कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरते. ती कोटिंग खाते, मग पुसूनही डाग राहतो. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा घ्या, तळाशी शंभरेक ग्रॅम नारिंगी सिलिका जेल कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा, वर दुर्बीण. जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोनेक तास वाळवा, नारिंगी झालं की परत डब्यात.