ट्रिपमध्ये पॉटरी क्लास करताय? भांडं लगेच मिळत नाही हं

फिरायला गेल्यावर पॉटरीचा क्लास करायचा ही मैत्रिणीची आयडिया, चालून चालून माझे पाय गेले होते म्हणून मी पण लगेच हो म्हटलं, तेवढंच बसायला मिळेल. कसलं काय, चाकावर बसलं की पाठ आणि दंड दोन्ही बोलायला लागतात.

बिगिनर क्लासमध्ये माती बहुतेक आधीच मळून ठेवलेली असते (आतली हवा निघावी आणि ओलावा सगळीकडे सारखा व्हावा म्हणून मळतात). तो गोळा चाकावर थाडकन आपटायचा, हात ओले करायचे आणि मग खरं काम सुरू, ते म्हणजे सेंटरिंग. गोळा बरोब्बर मधोमध आणायचा, बास. पण तो जरा जरी बाजूला असला ना की दर फेरीला हाताला धक्का मारतो, आणि आपले हात पण त्याच्या मागे हलायला लागतात. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, कोपरं मांडीला घट्ट टेकवा आणि हात अजिबात हलू देऊ नका, हलायचं ते मातीने. तसं धरून बसले आणि एका क्षणी धक्के बंदच झाले, चाक गरागरा फिरतंय आणि गोळा मात्र जागच्या जागी थांबलाय असं वाटतं. भारी! पुढे अंगठ्याने खड्डा पाडा, भिंत वर ओढा वगैरे आहेच पण माझे पैसे इथेच वसूल झाले.

मैत्रीण डावखुरी, तिच्यासाठी ताईंनी बटण दाबून चाक उलटं फिरवलं, हे असं होतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. तिची वाटी पाणी जास्त झाल्याने एका बाजूला बसली, मग ताईंनी तारेने ती उभी चिरून दाखवली, काठ एकदम पातळ आणि तळाशी हा जाडजूड थर. यूट्यूब बघून हे कधी कळलं नसतं.

आता मुद्द्याचं. ओलं भांडं सावकाश वाळवावं लागतं, आत ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन ते फुटतं. मग साधारण १००० डिग्रीला पहिली भाजणी, ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा थर होतो तो लेप) लावून परत दुसरी, या सगळ्यात काही आठवडे सहज जातात आणि भांडं आकाराने लहान पण होतं. कच्चं तसंच बॅगेत घालून नेऊ म्हणाल तर ते घरी पोचेपर्यंत चुरा. मैत्रिणीने दुसऱ्या वाटीसाठी निळा ग्लेझ निवडून कुरिअरचे पैसे भरले. मी माझी वाटी मोडून माती बादलीत परत टाकली, न भाजलेली माती भिजवून पुन्हा वापरता येते. तिला ते अजून पटलेलं नाहीये.

तर बुकिंग करताना भाजणी आणि कुरिअर पैशात धरलंय का ते आधी विचारा. आणि नखं कापून जा, प्लीज.