तुम्ही विचारलंत म्हणून: एकही उमेदवार धड नाही, तरी मत कशाला?

सिनेमाबद्दल विचारलं की मी तासभर बोलते, हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच बहुधा निवडणूक आली की एक प्रश्न हमखास येतो. शेजारच्या वहिनी विचारतात, भाचा विचारतो, बसमध्ये कोणी ओळखीचं भेटलं तरी तेच. "सिनेमावर तुमची एवढी ठाम मतं असतात, मग उमेदवारांचं नाव काढलं की 'एकही धड नाही' एवढ्यावरच का थांबता? आणि एकही धड नाही, तर रांगेत उभं राहून मत कशाला देता?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ज्याने स्वतःचं काहीच सांगितलेलं नाही, त्याच्याबद्दल मत तरी काय बनवायचं? दुसऱ्याचं उत्तर जरा लांब आहे, आणि ते सिनेमांच्या वाटेनेच द्यावं लागेल.

अलीकडे मी निवडणुकीवरचे आणि राजकारणावरचे सिनेमे ओळीने पाहिले. सुरुवात केली ती अमित मसुरकर यांच्या 'न्यूटन'पासून. २०१७ चा सिनेमा, दुसऱ्यांदा पाहिला आणि पहिल्यापेक्षा जास्त आवडला. छत्तीसगडच्या जंगलातलं एक मतदान केंद्र, यादीत ७६ मतदार, आणि नियमाप्रमाणेच मतदान झालं पाहिजे म्हणून हटून बसलेला तरुण अधिकारी, न्यूटन. राजकुमार रावने तो अधिकारी असा उभा केलाय की त्याचा राग येतो आणि अभिमानही वाटतो. मला सगळ्यात जास्त आठवतो तो शाळेतला प्रसंग. गावकऱ्यांना बंदोबस्तात आणून उभं केलंय, आणि मतदान कसं करायचं हे सांगता सांगता न्यूटनच्या लक्षात येतं की उमेदवार कोण आहेत हेच यातल्या कोणाला ठाऊक नाही. तो समजावायला लागतो. पंकज त्रिपाठीचा आत्मा सिंग, बंदोबस्ताचा अधिकारी, मात्र हे यंत्र म्हणजे खेळणं आहे, आवडेल त्या चित्रापुढचं बटण दाबा, असं सांगून मोकळा होतो.

तो प्रसंग पाहताना मला जंगलातलं ते गाव आठवलंच नाही, आमचा प्रभाग आठवला. आमच्याकडे शाळा आहेत, रस्ते आहेत, प्रत्येकाच्या हातात फोन आहे. तरी मतदानाच्या दिवशी रांगेतल्या दहा जणांना विचारा, उमेदवाराचा व्यवसाय काय, त्याने आजवर कोणत्या प्रश्नावर काय भूमिका घेतली. चिन्ह सगळे सांगतील. सिनेमाबद्दल माझी तक्रार एकच: अंजली पाटीलची मलको, तिथली शिक्षिका, सोडली तर त्या ७६ जणांपैकी एकही माणूस म्हणून आपल्या ओळखीचा होत नाही. एखाद्या म्हाताऱ्याने बटण दाबण्याआधी काय विचार केला, ते मला ऐकायचं होतं. आपल्या गडचिरोलीतही दुर्गम केंद्रांवर मतदान पथकं हेलिकॉप्टरने न्यावी लागतात आणि मतदान दुपारी तीनलाच संपवतात. तिथवर मतदान यंत्र नेण्यासाठी सरकार एवढी यातायात करतं, ते योग्यच आहे. उमेदवाराचा विचार तिथवर पोहोचावा म्हणून मात्र कोणी काही करत नाही.

मग जब्बार पटेलांचे दोन्ही पुन्हा पाहिले, 'सामना' आणि 'सिंहासन'. 'सामना'त निळू फुल्यांचा हिंदूराव धोंडे पाटील आणि डॉ. लागूंचा मास्तर समोरासमोर येतात तेव्हा श्वास रोखून बसावं लागतं. मास्तर दारुडा आहे, कफल्लक आहे, हिंदूरावाच्याच वाड्यावर राहतोय. पण मारुती कांबळेचं काय झालं, हा एक प्रश्न तो सोडत नाही. लेखक विजय तेंडुलकरांनी मास्तरच्या हाती सत्ता दिली नाही, पैसा दिला नाही, फक्त प्रश्न दिला, आणि त्या प्रश्नाने एवढा मोठा साखरसम्राट हादरतो. 'सिंहासन' १९७९ चा. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी, सगळे आपापले डाव टाकत असतात, आणि शेवटी पत्रकार दिगू टिपणीसला ते सोसत नाही. मला यावेळी जाणवलं ते हे, की एवढ्या मोठ्या खेळात मतदार जवळपास नाहीच. खुर्चीवर कोण बसणार हे बंगल्यांवर ठरतंय.

'धुरळा' गावच्या सरपंचपदासाठी भांडणाऱ्या एका कुटुंबाचा. थोडा लांबला आहे, पण कलाकार झकास आहेत आणि गावची निवडणूक घरात कशी शिरते ते खरं दाखवलंय. कोणाला ते अतिरंजित वाटलं तर उमराणे आणि खोंडामळी आठवावं. नाशिक आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने २०२१ च्या जानेवारीत रद्द केल्या, कारण तिथे पदांचा चक्क लिलाव झाला होता.

आता उमेदवार. २०२४ च्या विधानसभेला राज्यात २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार उभे होते. एका जागेला सरासरी चौदा. एवढ्यांत एकही मनात भरू नये?

आमच्या दारात आलेली पत्रकं मी जपून ठेवली होती. एक समोर घेऊन बसले. गुळगुळीत कागद, वर नेत्यांचे गोल फोटो, मध्ये हात जोडलेला उमेदवार. खाली "विकासाचा ध्यास", "जनसामान्यांचा आवाज", "एक संधी द्या". मागच्या बाजूला केलेल्या कामांची यादी, त्यात सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे, गणेश मंडळांना मदत. ही कामं नकोत असं मी म्हणत नाही. पण आमदार हा कायदा करणारा माणूस. शेतीपंपांची वीज, जिल्हा परिषदेच्या बंद पडत चाललेल्या शाळा, पाणीवाटप, यातल्या कशावर विधानसभेत तो काय बोलणार याचं एक वाक्य त्या पत्रकात नव्हतं. दुसऱ्या पक्षाचं पत्रक घेतलं. रंग बदलला होता, फोटो बदलले होते, बाकी तेच.

असं का होतं, याचा मी खूप विचार केलाय. उमेदवार मुळातच मठ्ठ असतात असं मला वाटत नाही. तिकीट मिळतं ते वरून. पक्षाच्या सभासदांनी मतदान करून उमेदवार निवडला, असं आपल्याकडे सहसा होत नाही. तिकीट देणारा पाहतो निवडून यायची क्षमता, म्हणजे जात, पैसा, माणसं. आणि निवडून आल्यावर? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने, म्हणजे घटनेच्या दहाव्या परिशिष्टाने, पक्षादेश मोडून मतदान केलं तर आमदारकी जाऊ शकते. आयाराम-गयाराम थांबावेत म्हणून केलेला कायदा. गट करून जाणारे त्याने थांबले नाहीत, हे महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत पुरेसं पाहिलं. पण एकट्या आमदाराने स्वतःच्या बुद्धीने मत द्यायचं, ती वाट मात्र बंद झाली. ज्याला सभागृहात स्वतःचं मत वापरायचंच नाही, त्याला तिकीट देताना मत आहे का हे कोण कशाला पाहील? मला वाटतं, आपल्या उमेदवारांच्या फिकेपणाचं मूळ इथे आहे. आणि याचा मला मनापासून त्रास होतो, कारण त्या चार हजारांत बोलायला आतुर असलेली माणसं नक्की असतील.

तरी मी मत देते. देण्याआधी मी उमेदवाराने अर्जासोबत दिलेलं शपथपत्र वाचते, आणि तुम्हीही वाचावं असं मला कळकळीने सांगायचंय. फॉर्म २६ म्हणतात त्याला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला म्हणून ही माहिती आपल्याला मिळते, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही उघडून पाहता येते. त्यात उमेदवारावरचे खटले असतात, कलमांसह. स्वतःची, जोडीदाराची, अवलंबितांची मालमत्ता असते, जमिनीचे गट नंबर असतात, सोनं तोळ्यांत किंवा ग्रॅममध्ये असतं, कर्जं आणि सरकारी थकबाकी असते. मी आधी पाहते तो गेल्या पाच वर्षांच्या उत्पन्नाचा तक्ता, आणि त्याच्या शेजारी ठेवून पाहते मालमत्तेचा आकडा. पाच वर्षांचं उत्पन्न एवढंसं आणि याच पाच वर्षांत घेतलेली जमीन भरमसाट, असं दिसलं की माझ्यापुरता तो उमेदवार बाद.

अजून एक कागद आहे, जो फारसं कोणी वाचत नाही. ज्याच्यावर गुन्हेगारी खटले आहेत अशा माणसाला तिकीट दिलं, तर पक्षाने कारण जाहीर करायचं, आणि स्वच्छ उमेदवार का मिळाला नाही तेही सांगायचं. फेब्रुवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे, आणि निवडून यायची क्षमता हे कारण चालणार नाही असं त्यात स्पष्ट म्हटलंय. वर्तमानपत्रात या जाहिराती येतात. मी वाचलेल्यांत कारण बहुतेक एकच, की उमेदवार लोकप्रिय आहे, समाजकार्य मोठं आहे, खटले राजकीय आहेत. तीच वाक्यं नाव बदलून. त्या वाक्यांचा मला संताप येतो. न्यायालयाने आपल्यासाठी मागितलेलं उत्तर आहे ते, आणि पक्ष ते भरून टाकतात.

वाचून झालं की मी विचारते. मास्तरकडून मी एवढंच घेतलंय, की एक प्रश्न धरायचा आणि सोडायचा नाही. माझा प्रश्न असा: पक्षाचा आदेश आपल्या तालुक्याच्या विरोधात निघाला तर तुम्ही काय कराल? कोपरा सभेत, पदयात्रेत, उमेदवार घरी आला तर दारात. बरेच जण हसून पुढे जातात. "ताई, साहेब आहेत ना, तसं होणारच नाही," असंही ऐकलंय. एका उमेदवाराने मात्र हातातला हार कार्यकर्त्याकडे दिला आणि म्हणाला, "पक्षादेश मोडला तर आमदारकी जाते, ते मी करीन असं खोटं सांगत नाही. पण मतदानाआधी पक्षाची बैठक असते. तिथे बोलीन, आणि बोललो ते तुम्हाला येऊन सांगीन." भाषण त्याला अजिबात जमत नव्हतं. सभेत लोक उठून जात होते. मला तेवढं उत्तर पुरलं. पसंत पडला म्हणून नाही, प्रश्न समजला म्हणून मी मत दिलं.

"मग नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'चं बटण, का नाही?" हे भाचा विचारतो, तेव्हा त्याला मी लातूर ग्रामीणचं उदाहरण देते. २०१९ ला तिथे नोटाला २७,५०० मतं पडली, दुसऱ्या क्रमांकाची. तरीही कोणाचं काही बिघडलं नाही, कारण विधानसभेला आणि लोकसभेला नोटा पहिला आला तरी त्याच्या खालचा उमेदवारच विजयी ठरतो. स्थानिक निवडणुकांत गोष्ट वेगळी आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य निवडणूक आयोगाने आदेश काढला, की महापालिका, नगरपालिका यांच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं मिळाली तर कोणालाही विजयी घोषित न करता पुन्हा निवडणूक घ्यायची. म्हणून विधानसभेला मी नोटा दाबत नाही, आणि महापालिकेला तसाच प्रसंग आला तर दाबीन.

पण त्यासाठी मतदान व्हायला हवं. एकच अर्ज उरला की निवड बिनविरोध होते, आणि मग शपथपत्र वाचून, प्रश्न विचारून काही उपयोग नसतो, नोटाचं बटणही मिळत नाही. आमच्या गावाकडे बिनविरोध झालं की फटाके वाजवतात, भांडण टळलं म्हणून. मला ते पटत नाही. भाच्याला मी म्हटलंय, पुढच्या ग्रामपंचायतीला तू अर्ज भर. तुझं पत्रक मी लिहिते.