बुचाच्या झाडाखालची हॅरिएट

बुचाचं झाड कुणी हौसेनं लावताना मी कधी पाहिलेलं नाही. जुन्या बंगल्याच्या कुंपणाशी, कचेरीच्या आवारात, शाळेच्या मैदानाकडेला ते आपलं असतंच. सरळसोट वाढतं, वादळात फांद्या टाकतं, आणि पाऊस सरला की रात्री फुलून सकाळी रस्ताभर पांढरा सडा घालतं. त्या लांब नळीसारख्या देठांची वेणी करायला सुईदोरा लागत नाही. एक देठ दुसऱ्यावर, तिसरा त्या दोघांवरून फिरवून खाली, की झाली सुरुवात. पुण्यात लहानपण गेलेल्या बाईची बोटं ही वेणी अजून डोळे मिटून घालतात.

म्हणून इंग्रज लेखिका रूमर गॉडन यांच्या 'द रिव्हर' या कादंबरीत हेच झाड दिसलं तेव्हा मी दोन पानं मागे जाऊन पुन्हा वाचलं. बंगालमधल्या एका साहेबी घराची बाग, आणि त्या बागेतलं बुचाचं झाड हॅरिएट नावाच्या मुलीनं मनोमन आपलं मानलेलं. मूळ ब्रह्मदेशाकडचं हे झाड पुण्याला पोचलं तसं तिकडेही पोचणारच, यात नवल काही नाही. पण त्या एका झाडामुळे ती परकी पोर मला एकदम आमच्या आळीतली वाटायला लागली.

हॅरिएट धड लहान नाही, धड मोठी नाही. 'बी' नावाची थोरली बहीण देखणी आणि शहाणी होत चालली आहे, धाकटा भाऊ बोगी किडेमुंग्यांत रमलेला, सगळ्यांत लहान व्हिक्टोरिया, आणि आई पुन्हा गरोदर. वडील तागाच्या कारखान्याचे साहेब. हॅरिएट जिन्याखालच्या एका कोनाड्यात बसून कविता लिहिते. युद्धात पाय गमावलेला कॅप्टन जॉन त्या घरी येऊ लागतो, आणि त्यानं आपल्याकडे पाहावं, आपली वही वाचावी, असं तिला वाटतं. एका हिवाळ्यात मावणारी ही गोष्ट. कथानक सांगायला गेलं तर एवढंच, आणि हे ऐकून कुणी पुस्तक हातात घेणार नाही, याची मला कल्पना आहे.

गॉडन यांचं स्वतःचं बालपण ढाक्याजवळच्या नारायणगंजला, शीतलक्षा नदीच्या काठी गेलं. वडील आगबोटींच्या कंपनीत होते. शिक्षणासाठी विलायतेला पाठवलेल्या दोघी बहिणी 1914 मध्ये महायुद्धामुळे परत आल्या आणि पुढची काही वर्षं तिथेच राहिल्या. भोवतालच्या मुलखातला ताग तिथे यायचा, दाबून त्याच्या गासड्या बांधल्या जायच्या आणि आगबोटींतून पुढे रवाना व्हायच्या. कादंबरीतल्या घराला याच धंद्याचा वास आहे. वाफेचे आवाज, नदीवरच्या होड्या, दिवाळीच्या पणत्या, सगळं आहे.

आणि तरीही आरंभीच लेखिका सांगून टाकते की ही नदी बंगालमधली असली तरी गोष्टीपुरती ती युरोपातली किंवा अमेरिकेतली असती तरी चाललं असतं. इथे माझं तिच्याशी पटत नाही. कसं चालेल? मुलांना दिवसभर बागेत मोकळं सोडता येतं, कारण आया आहे, दारवान आहे, माळी आहेत. हॅरिएटला कोनाड्यात बसून कविता करायला जी सबंध दुपार मिळते, ती दुसऱ्या कुणाच्या तरी कामावर उभी आहे. पुस्तक 1946 मध्ये आलं. 1943 च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं मेली होती, आणि पुस्तकानंतर वर्षभरातच नारायणगंज पाकिस्तानात जायचं होतं. यातलं काही बागेच्या भिंतीआड येत नाही. माझी याबद्दल फारशी तक्रार नाही. त्या वयाच्या मुलीला जेवढं दिसतं तेवढंच लेखिकेनं दाखवलं, उगाच शहाणपणाचा चष्मा तिच्या नाकावर चढवला नाही. पण त्या भिंतीला 'कुठलीही भिंत' म्हणणं मला मान्य नाही.

या पुस्तकात खरं घडतं ते न सांगण्यात. बागेत नाग आहे. बोगीला त्याचं वेड लागलं आहे आणि हॅरिएटला ते ठाऊक आहे. मोठ्यांना सांगायला हवं, हेही तिला कळतं. पण ते गुपित भावाचं, आणि चुगलखोर कोण होणार? शिवाय तिच्या डोक्यात त्या दिवसांत कॅप्टन जॉन, कविता, बीचा हेवा. मग आज राहतं, उद्या राहतं. घरात जेवणखाण, अभ्यास, भांडणं चालूच असतात. तिच्या न सांगण्यात दुष्टपणाचा लवलेश नाही, निष्काळजीपणासुद्धा म्हणवत नाही. आणि मग नाग बोगीला चावतो.

गॉडन इथे आवाज चढवत नाहीत. मृत्यूनंतर लगेच पुढचं जेवण येतं, पुढची सकाळ येते, आणि हॅरिएट चिडते ती याच गोष्टीवर. सगळे जेवतात कसे? पुढे बाळ होतं, मुलगी. त्या बाळामुळे बोगीचं जाणं भरून निघालं, असं कुणी म्हणत नाही, लेखिकाही नाही. आपल्याकडच्या कितीतरी कथांत याच जागी आजी तरी बोलली असती, नाहीतर देव तरी.

फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वा यांनी 1951 मध्ये या कादंबरीवर चित्रपट केला, पटकथा लिहायला गॉडन बरोबर होत्या. 1949 मध्ये जागा शोधत ते कलकत्त्याला आले, तेव्हा जाहिरात कंपनीत नोकरी करणारे सत्यजित राय त्यांच्याबरोबर हिंडले होते, म्हणून आपल्याकडे या चित्रपटाचं नाव निघतं. मला त्यातली मेलनी महत्त्वाची वाटते. कादंबरीत ती नाहीच. शेजारच्या इंग्रज गृहस्थाची आणि त्याच्या भारतीय बायकोची ही मुलगी, शिकून घरी परतलेली. साडी नेसते, आणि आपण नेमक्या कुठल्या, हे तिला उमगत नाही. ती भूमिका केली राधा बर्निए यांनी, ज्या पुढे अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. बागेच्या भिंतीला दार पाडायचं असेल तर ते इथूनच पडणार, हे रेन्वांना उमगलं असावं. पडद्यावर मी तिलाच बघत बसते. हॅरिएट मात्र मला पुस्तकातलीच हवी, त्या जिन्याखाली, शाईच्या बोटांची.