हाल्प द्राय म्हणजे अडीच

माझा पहिला जर्मन शब्द मला ऑफिसच्या प्रिंटरने शिकवला. कुणीतरी घाईत भलतंच बटण दाबलं आणि त्याच्या बोटभर पडद्यावरची इंग्रजी जाऊन तिथे जर्मन आली. इंग्रजी परत कशी आणायची ते सांगणारा मेनूही अर्थातच जर्मनमध्ये. त्यात मार्चअखेर. दर पाच-दहा पानांनी कागद अडकायचा, लाल दिवा लागायचा आणि पडद्यावर ठरलेला शब्द उमटायचा. आम्ही सगळे त्याला 'पेपिअरस्टाव' म्हणायचो. खरा उच्चार 'पापियरश्टाऊ', हे नंतर कळलं. चौथ्या दिवशी टेक्निशियन आला, दोन बटणं दाबून त्याने इंग्रजी आणली, आणि पडद्यावर 'पेपर जॅम' वाचून मला उगीचच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

पुढे एका रविवारी, गंमत म्हणून, फोनवर एक जर्मन रेडिओ लावून पाहिला. दोन-तीन मिनिटं नुसता आवाजाचा लोंढा. आणि त्यातून एकदम, स्वच्छ, 'फ्युन्फ किलोमेटर श्टाऊ'. महामार्गावरच्या वाहतुकीची बातमी होती. संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर माहेरचं माणूस दिसावं, तसं झालं मला. कागद असो की गाड्या, अडकल्या की श्टाऊ. मुंबईत राहणाऱ्या माणसाने शिकायलाच हवा असा शब्द आहे हा.

खरं तर जर्मन शिकवणारं मॅक्समुल्लर भवन काळा घोड्याला, माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. पण संध्याकाळचा क्लास लावायचा तर भांडुपला पोचायला नऊ वाजणार आणि आईला साडेसातला ताट लागतं. मग वाटलं, ज्याच्या नावाने ते भवन आहे त्याने तरी काय केलं? मॅक्समुल्लर १८२३ साली देसाऊत जन्मला, सायणभाष्यासकट ऋग्वेदाचे सहा खंड त्याने १८४९ ते १८७४ या काळात छापून आणले, आणि भारतात एकदाही पाऊल ठेवलं नाही. पोथ्या पुढ्यात घेऊन बसला नि शिकला. त्याची विद्वत्ता माझ्यात नाही, पण भांडुपहून सीएसएमटीपर्यंत स्लो लोकलने जायला लागणारा तास माझ्याकडे रोज असतो. जाऊन-येऊन दोन.

तर मी ऐकायला लागले. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर रोजच्या बातम्या मुद्दाम सावकाश वाचलेल्या असतात, सोबत मजकूरही असतो. एकच बातमीपत्र मी आठवडाभर वापरायची. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. रात्री मजकुरावरून बोट फिरवत ऐकायचं. मग सकाळच्या गाडीत मटार सोलत पुन्हा पुन्हा. लेडीज डब्यात मटार सोलणं हे काही नवल नाही. नवल वाटलं ते विक्रोळीला चढणाऱ्या मैत्रिणीला. तिने माझ्या कानातला एक बोळा काढून स्वतःच्या कानात घातला, अर्धा मिनिट ऐकलं आणि परत दिला.

"जर्मनीला चाललीस?"

"नाही गं."

"मुलगा जातोय?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही. तिनेही ते कुर्ल्यापर्यंतच मागितलं, पुढे आम्ही मटारच्या भावाकडे वळलो.

सावकाश म्हणजे सोपं नव्हे, हे पहिल्या आठवड्यात कळलं. प्रत्येक वाक्यात 'बुंडेस' यायचं, आणि मला ते बरेच दिवस कुणा पुढाऱ्याचं नाव वाटत होतं. फार कामसू गृहस्थ असावा, सगळीकडे हजर! नंतर समजलं की बुंडेस म्हणजे संघराज्याचं, केंद्राचं. बुंडेसटाग म्हणजे त्यांचं संसदेचं सभागृह. स्टीफन क्रॅशन नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८०च्या सुमारास मांडलं होतं की भाषा घोकून येत नाही, समजेल असं ऐकून-वाचून येते. फक्त जे ऐकायचं ते आपल्यापेक्षा एक पायरी वरचं हवं. म्हणणं पटतं. पण ही एक पायरी वरची वस्तू मिळते कुठे? बातम्या माझ्यापेक्षा एक अख्खा जिना वर होत्या. मग मी मुलांच्या कार्यक्रमाकडे उतरले. नारिंगी रंगाचा एक उंदीर असतो त्यात, १९७१ पासून चालू आहे. उंदीर स्वतः एक अक्षर बोलत नाही, हा मला त्याचा फार मोठा गुण वाटला. बाकीचे बोलतात आणि वस्तू कशा बनतात ते दाखवतात. पन्नाशीला टेकलेली मी, भाकऱ्या थापत, टूथपेस्टमध्ये रंगीत रेघा कशा येतात ते जर्मनमधून ऐकत होते.

आई मागे मोड्यावर बसलेली. तिने एक दिवस विचारलं, "ही बाय सारखी अच्छा-अच्छा कित्याक करता गो?" आई मालवणची. आणि तिने बरोबर पकडलं होतं. समोरच्याचं काही पटलं, उलगडलं की जर्मन माणूस 'आख झो' म्हणतो. उच्चारही अच्छाच्या शेजारचा, अर्थही तोच.

मग मला हा नादच लागला. इंग्रजीच्या खांद्यावरून जर्मन बघायचं सोडून दिलं की ती मराठीला कुठे कुठे चिकटून उभी आहे ते दिसायला लागतं. त्यांचा 'झेड' इंग्रजीसारखा वाजत नाही, आपल्या चूल आणि चोर यांतल्या 'च'सारखा वाजतो. टीव्ही पाहणं म्हणजे 'फेर्नझेहेन': फेर्न म्हणजे दूर, झेहेन म्हणजे पाहणं. आपलं दूरदर्शनच. फ्रिज म्हणजे 'क्यूलश्रांक', थंड कपाट. आपल्याकडेही कुणीतरी 'शीतकपाट' असा शब्द काढला होता, पण तो पाठ्यपुस्तकाच्या बाहेर काही पडला नाही. तिकडे मात्र बायका रोज शीतकपाटातून दूध काढतात. हातात घालायच्या मोज्यांना आपण हातमोजे म्हणतो, ते म्हणतात 'हांटशू', हाताचे बूट. थंडी जास्त असल्यामुळे असेल.

तीन लिंगांची तर मला भीती वाटायचं कारणच नव्हतं. तो-ती-ते घेऊनच आपण वाढतो. आता ती जुळत नाहीत हे खरं: चमचा दोन्हीकडे 'तो', पण काटा तिकडे 'ती' आणि सुरी 'ते'. ते आपलं मुकाट ऐकून घ्यायचं. इंग्रजीतून शिकणारे लोक अडतात ते 'मेडशेन'शी. मेडशेन म्हणजे मुलगी, आणि ती नपुंसकलिंगी. का, तर शेवटी 'शेन' लागलं की वस्तू लहान होते आणि लहान झाली की 'ते' होते. यात अडण्यासारखं काय आहे? लेकरू, कोकरू, वासरू, पाखरू, आपली सगळी लहानगी 'ते'च आहेत. आणि आई तर शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीबद्दलही विचारते, "तां चेडू खंय गेलां?" मालवणीत चेडू नपुंसकच. जर्मनचा हा एक नियम मी आईकडून साठ वर्षं आधीच शिकून ठेवलेला होता म्हणायचा. म्हणजे माझ्याही जन्माच्या आधी.

आकड्यांतही मी निर्धास्त होते. पंचवीस त्यांच्याकडे 'पाच आणि वीस' असे, उलटे म्हणतात म्हणून लोक कुरकुरतात. आपल्या पंचविसात तरी आधी काय येतं? पाचच. त्या निर्धास्तपणाने माझा घात केला.

झालं असं की वर्षभर ऐकून झाल्यावर मला बोलायला कुणीतरी हवंसं वाटलं, आणि लाइपझिगच्या एका निवृत्त बाईंशी ओळख झाली. त्यांना इंग्रजी घोटायचं होतं, मला जर्मन. अर्धा तास हे, अर्धा तास ते. त्यांनी लिहिलं, रविवारी 'हाल्प द्राय'ला फोन कर. हाल्प म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. तीन आणि अर्धा, साडेतीन. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे, म्हणजे आपल्याकडचे सात. मी सहापासून साडी नीटनेटकी करून बसले, वाक्यं पाठ केली, सातच्या ठोक्याला फोन लावला. बाई पडद्यावर आल्या त्या कोट घालून, बाहेर निघालेल्या. हाल्प द्राय म्हणजे अडीच. तिसरा तास अर्धा झालेला. त्या तासभर वाट बघून उठल्या होत्या आणि मी त्या तासभरात साडीच्या निऱ्या करत होते.

मला रागच आला त्या भाषेचा. तीन वाजलेले नाहीत तर तिनाचं नाव कशाला घ्यायचं? रात्री कुठल्याशा व्युत्पत्तीच्या मागे लागले असताना 'अडीच' समोर आला. अडीच आला संस्कृत 'अर्धतृतीय'वरून. अर्धा तिसरा. पहिले दोन पुरे, तिसरा अर्धा. अगदी हाल्प द्राय! दीडही तसाच, 'द्व्यर्ध', दुसरा अर्धा. साडेतीनपासून पुढे आपण हिशोबाची रीत बदलली, पण दीड आणि अडीच जुन्याच घरात राहिले. जन्मभर मी अडीच वाटी रवा, दीड वाटी साखर मोजत आले आणि त्या शब्दाच्या आत डोकावून बघितलं ते एका जर्मन बाईंना तासभर तिष्ठत ठेवल्यावर.

त्यांनी नंतर लिहिलं होतं, 'मी तुला डॉख लिहिलं होतं'. डॉखचे अर्थ कोशात सात-आठ दिले होते, एकही बसेना. मी तो मोठ्याने म्हणून पाहिला, बाईंच्या सुरात. 'मी तुला लिहिलं होतं की!' हा 'की' इंग्रजीत कसा सांगायचा ते आपल्यालाही येत नाही. 'येणार नाहीस ना?' असं कुणी विचारलं तर आपण म्हणतो 'येणार की!' आणि जर्मन माणूस नुसतं म्हणतो 'डॉख!' त्या दिवसापासून मी कोश थोडा लांब ठेवायला शिकले.

मोठ्याने म्हणायची सवय मात्र महागात पडते. प्राचीन ट्रॉय शहराचं उत्खनन करणारा हाइनरिख श्लीमान तरुणपणी ॲमस्टरडॅममध्ये कारकून असताना रशियन शिकत होता. शिक्षक मिळेना, म्हणून त्याने एका गरीब माणसाला आठवड्याला चार फ्रँकवर ठेवलं. काम एकच, रोज संध्याकाळी दोन तास समोर बसून श्लीमानचं रशियन ऐकायचं. ऐकणाऱ्याला रशियनचा गंध नव्हता. घरांची छतं नुसत्या एकेरी फळ्यांची, तिसऱ्या मजल्यावरचं तळमजल्याला ऐकू जाई. भाडेकरूंनी तक्रारी केल्या आणि स्वारीला दोनदा बिऱ्हाड बदलावं लागलं. आमच्या इमारतीत हे काम स्वयंपाकघराजवळची डक्ट करते. खालच्या काकू जिन्यात भेटल्या तेव्हा आवाज खाली आणून म्हणाल्या, "आईंना बरं नाहीये का? रात्री काहीतरी म्हणत असतेस, म्हणून विचारलं." मला दोनदा बिऱ्हाड बदलणं परवडणारं नाही. हल्ली मी पुटपुटते.

आईला माझी ही सगळी खटपट थोडी विनोदी वाटते. ती लग्न होऊन खेतवाडीतल्या चाळीत आली तेव्हा तिला पुस्तकी मराठीसुद्धा नीट येत नव्हती, आणि मजल्यावर निम्मी बिऱ्हाडं गुजराती. तिचे पहिले दोन गुजराती शब्दप्रयोग 'पाणी आव्युं' आणि 'पाणी गयुं'. पहाटे साडेचारला नळावर एवढं कळलं नाही तर दिवस वाया. बाकीचं आजूबाजूला चालू असायचं, ती कळशी भरत असायची. "कोण शिकवतला?" ती म्हणते. आजही तिची गुजराती क्रियापदं मालवणीच आहेत, आणि तिला कधी कुणी परत विचारलेलं मला आठवत नाही. लग्नाकार्यात शेजारणींनी तिला बांगड्यासुद्धा काढून दिल्या आहेत घालायला. न कळलेलं तसंच शेजारी बसू देणं तिला जमायचं. मला एक शब्द अडला की पुढची तीन वाक्यं ऐकूच येत नाहीत, पापियरश्टाऊच तो.

टागेसशाऊ हे त्यांचं रात्रीचं मुख्य बातमीपत्र, १९५२ पासूनचं, तिकडच्या आठला लागतं. आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. अलीकडे ते मी कोश न घेता ऐकते. निम्मं कळतं. उरलेलं निम्मं पंख्याच्या आवाजात मिसळून जातं.

गेल्या डिसेंबरात सीएसएमटीला इंडिकेटरखाली एक वयस्कर जर्मन जोडपं वाद घालत उभं होतं. नवऱ्याच्या मते समोरची गाडी भायखळ्याला थांबत नव्हती, बायकोच्या मते थांबत होती. मला शब्दन् शब्द कळला. एवढी वर्षं ज्याची तयारी केली तो क्षण आयता पुढ्यात. मी पुढे झाले, तोंड उघडलं, आणि बाहेर आलं, "हां हां, रुकता है, स्लो है ये, बैठो." डोक्यात परक्या भाषेचा एकच खण असावा, घाईत हात घातला की वरची हिंदीच हाती येते. इंडिकेटरकडे आणि गाडीकडे बोट दाखवत मी तेच दोनदा सांगितलं. दोघं हसून 'थँक यू' म्हणाले. आणि गाडीकडे वळता वळता बायको नवऱ्याला कोपराने ढोसत म्हणाली, "हाब इश डॉख गेझाग्ट."

मी म्हटलं होतं की!