सनमायक्याच्या ओट्यावरची हळद

न्यू जर्सीतल्या आमच्या भाड्याच्या घरात ओटा पांढऱ्या लॅमिनेटचा होता. आपण कपाटाच्या दारांना सनमायका लावतो, इथे तो थेट ओट्यालाच. ज्याने कुणी पांढरा रंग निवडला, त्याच्या घरात फोडणी पडत नसणार. शेगडीच्या डाव्या हाताला, जिथे मिसळणाचा डबा उघडायचा, तिथे पिवळे डाग चांगलेच मुरले होते.

घर सोडायचं ठरलं तेव्हा डिपॉझिटची आठवण झाली. या राज्यात घरमालकाला दीड महिन्याच्या भाड्यापर्यंत डिपॉझिट घेता येतं. घर सोडल्यावर ते ३० दिवसांत परत करायचं आणि काही कापलं तर कशाचे किती ते लिहून द्यायचं. रोजच्या वापराच्या झिजेचे पैसे कापता येत नाहीत. पण हळद ही आमची रोजची झीज आहे, हे घरमालकाच्या ऑफिसातल्या बाईंना कोण पटवणार?

चहाच्या कपांची वर्तुळं खायच्या सोड्याच्या ओल्या लेपाने सहज निघाली. तेलाचा चिकट थर गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने सुटला. हळदीवर मात्र तोच सोडा लावला, तर पिवळ्याचा तांबूस लाल झाला! आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती हसतच सुटली. ‘‘अगं, हळदीत चुना कालवला की लालच होणार ना? सोड्याचंही तसंच. आता लिंबू पिळ.’’ लिंबू लावताच डाग पुन्हा पिवळा. म्हणजे रंग पालटला, पण डाग होता तिथेच.

कारण हळद हा मळ नाही, रंग आहे. त्यातलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात आणि अल्कोहोलमध्ये मात्र विरघळतं. म्हणून औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं रबिंग अल्कोहोल आणलं. शेगडी बंद, खिडकी उघडी (हे पेट घेतं, विसरू नये). कापसाचा बोळा भिजवून डागावर नुसता दाबून धरला आणि उचलला, तर बोळा पिवळाधमक. पुसायचं ते बाहेरून आत, नाहीतर डाग पसरतो. बोळा मळला की दुसरा घ्यायचा. ताजे डाग एवढ्यावरच गेले.

जुन्यांची फिकट सावली उरली. त्यांच्यावर ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला पेपर टॉवेल ठेवून वर प्लास्टिक झाकलं. थोड्या वेळाने काढून ओल्या फडक्याने पुसलं. बाकीचं काम उन्हाने केलं. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही, त्यामुळे खिडकीजवळचे डाग आधीच फिके होते. पडदा दिवसभर बाजूला सारून ठेवला तेव्हा उरलेलेही विरले.

ब्लीच मी मुद्दाम टाळलं. ते लिंबात किंवा व्हिनेगरमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि अल्कोहोलबरोबरही ते नकोच. तारेची घासणीही नको. लॅमिनेट म्हणजे रेझिनमध्ये (वाळून कडक होणाऱ्या प्लास्टिकसारख्या चिकात) भिजवलेले कागद दाबून केलेला पत्रा. वरचा मेलामाइन नावाच्या रेझिनचा थर पातळ असतो, त्यावर ओरखडे उठले की पुढची हळद त्यांतच जाऊन बसते. तो पांढरा ‘जादूचा’ स्पंजही मेलामाइनचाच असतो आणि बारीक पॉलिश पेपरसारखा घासतो, म्हणजे चकाकी जाते. आणि सांध्यांवर पाणी साचू द्यायचं नाही. खाली लाकडाच्या भुश्शाचं बोर्ड असतं, ते एकदा फुगलं की बसत नाही.

एक खूण मात्र गेली नाही. कोपऱ्यात गरम कढई टेकल्याचं तपकिरी वर्तुळ होतं. तिथे वर काही सांडलेलंच नव्हतं, रेझिनच जळलं होतं, मग पुसणार काय? घर बघायला आलेल्या बाईंना ते मीच दाखवलं. त्याचे पैसे कापून बाकीचं डिपॉझिट मुदतीत खात्यात आलं. नव्या घरात ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे.