गेले ते परत आले नव्हते

मे महिन्यातली दुपार, बाहेर 42 अंश. ओपीडी आवरत होते तेवढ्यात मायलेकी आत आल्या. मुलगी 20-21ची, त्या उन्हातही ओढणी नाकापर्यंत गुंडाळलेली. आईच्या बोटांना तंबाखूचा वास येत होता. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळतात, तिथल्या बायकांच्या हातांचा हा वास मी ओळखते.

आईने पावत्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "8 वेळा लेझर केलंय, मॅडम. कायमचं जाईल म्हणाले होते. वर्षही नाही झालं. किती हजार विड्या वळल्या असतील मी यासाठी!"

भिंगातून पाहिलं. हनुवटीखाली राठ काळे केस, मध्ये मध्ये चिमट्याने उपटल्याचे डाग. काखेतलं लेझरही त्याच सेंटरमध्ये झालेलं. तिथली त्वचा मात्र स्वच्छ होती. म्हणजे मशीन खोटं नव्हतं. मग मानेवरचा काळसर, जाडसर पट्टा दिसला आणि हार्मोनची शंका आली.

"पाळी वेळेवर येते का गं?"

ती आईकडे बघायला लागली. "तीन-तीन महिने येत नाही."

8 सिटिंगचे पैसे घेतले आणि हा एक प्रश्न कुणी विचारला नाही! मला खरंच संताप आला.

मी दोघींना समजावलं. लेझरचा प्रकाश केसातला काळा रंग पकडतो आणि त्या उष्णतेने मूळ जळतं. तेही वाढीला लागलेल्या केसाचंच, म्हणून महिना-दीड महिन्याने पुन्हा बसावं लागतं. बारीक, फिकट लव त्याला सापडतच नाही. पीसीओडीत, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोनच्या बिघाडात, पुरुषी हार्मोन वाढले की तीच लव राठ होते. "मावशी, गेलेले केस बहुतेक परत आले नाहीत, हे नवे आलेत." अमेरिकेचं एफडीए, म्हणजे तिथलं औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणारं खातंसुद्धा, 'केस कायमचे कमी होतात' एवढंच म्हणू देतं, 'सगळे जातात' असं नाही. काखेत, पायावर सुरुवातीची सिटिंग झाली की बऱ्याच जणींना वर्षाकाठी एखादं सिटिंग पुरतं. हनुवटीचं गणित हार्मोनवर.

त्या दिवशी लेझर केलं नाही. रक्ततपासणी आणि सोनोग्राफी लिहून दिली. चिमटा बंद करायला सांगितलं, कारण मूळच उपटलं तर लेझरने जाळायचं काय? रेझर चालेल म्हटल्यावर मुलगी दचकली. "दाट येतील ना?" नाही येत, बाळा.

पीसीओडीच निघालं. गोळ्या आणि रोजचं चालणं सुरू केलं. केसांवर फरक दिसायला सहा महिने लागतील, हे आधीच सांगून ठेवलं. आता पाळी तीन महिने वेळेवर आहे, हनुवटीचं दुसरं सिटिंग परवा झालं. आईने विचारलं, "आता किती वर्षं टिकेल?" वर्षांचा आकडा मी दिला नाही. सहा महिन्यांनी एकदा दाखवायला या, म्हटलं.